रॅम्प आहे, पण चढता येत नाही: सुगम्यतेची तक्रार कोणी, कुठे आणि कशी करायची

सरकारी इमारतीत, वस्तुसंग्रहालयात किंवा लेण्यांच्या तिकीट खिडकीवर 'आत जाता येत नाही' म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, 'कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) आहे का?' सुरुवात इथूनच करू, कारण या प्रश्नापाशीच बरेच जण माघारी फिरतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 (अंमल 19 एप्रिल 2017 पासून) यात दोन वेगवेगळ्या व्याख्या आहेत. 40 टक्क्यांची अट आहे ती 'लक्षणीय दिव्यांगत्वा'ला. आरक्षण आणि बऱ्याच योजना तिच्यावर चालतात. नुसत्या 'दिव्यांग व्यक्ती'च्या व्याख्येत टक्केवारी नाही आणि सुगम्यतेची (दिव्यांगांना विनाअडथळा वापर करता यावा यासाठीची) कलमं, म्हणजे 40 ते 46, तिच्यासाठीच आहेत. थोडक्यात, सवलत मागायला कार्ड लागतं, दारातून आत जायला नाही. प्रमाणपत्र 30 टक्क्यांचं असलेला माणूसही रॅम्पची तक्रार करू शकतो.

तरीही कार्ड असलेलं बरं. सुनावणीत ओळखीचा वाद उरत नाही. वैश्विक ओळखपत्रासाठी, ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात, स्वावलंबन कार्ड पोर्टलवर अर्ज भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि आधार (किंवा आधार नोंदणीची पावती) जोडायची, मग नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी. ऑक्टोबर 2024 च्या दुरुस्तीनंतर कार्डाला रंग आले: 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 80 पिवळा, 80 आणि त्यावर निळा. त्याच दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली. टक्केवारी मान्य नसेल तर कलम 59 खाली अपील आहे.

आता मूळ तक्रारीकडे. माझी पहिली तक्रार वाया गेली होती. आईला घेऊन एका कार्यालयात गेलो, तिची व्हीलचेअर दोघांनी उचलून वर नेली, आणि मी घरी येऊन दोन पानं संताप लिहिला. उत्तर आलं, 'इमारतीस रॅम्प उपलब्ध आहे.' खोटं नव्हतं. रॅम्प होताच. दुसऱ्या वेळी मोजपट्टी घेऊन गेलो. जोत्याची उंची 48 सेंटिमीटर, रॅम्पची लांबी दोन मीटर दहा. 2021 च्या केंद्रीय मार्गदर्शक मानकांनुसार उतार जास्तीत जास्त 1:12, म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. 48 गुणिले 12, पावणेसहा मीटरच्या आसपास. हा एक गुणाकार अर्जात घातल्यावर 'उपलब्ध आहे' हे उत्तर परत आलं नाही.

म्हणून अर्जाआधी मोजा: रॅम्पची उंची आणि लांबी, दाराची मोकळी रुंदी (900 मिलिमीटर हवी), लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत जाते. स्वच्छतागृहाचं दार उघडून बघाच. आपल्याकडे दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात झाडू, बादल्या आणि जुन्या फायली ठेवायची जुनी परंपरा आहे, आणि चावी ज्या शिपायाकडे असते तो त्या दिवशी रजेवर असतो. फोटोत मोजपट्टी दिसू द्या, तारीख लिहून ठेवा. अंध किंवा कर्णबधिर व्यक्तीची अडचण मोजपट्टीत मावत नाही. तिथे कोणती सूचना कळली नाही, कोणती पाटी वाचता आली नाही, लिफ्टमध्ये मजला बोलून सांगितला जातो का, हे शब्दांत लिहा.

सगळ्यात जास्त अर्ज अडकतात ते चुकीच्या दारी गेल्यामुळे. रेल्वे स्थानक, टपाल कार्यालय आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडची स्मारकं, जसं अजिंठा, वेरूळ, घारापुरी, रायगड, ही केंद्राकडे, म्हणून तक्रार दिल्लीतल्या, दिव्यांग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे. तहसील, जिल्हा परिषद, महापालिकेचं नाट्यगृह, राज्याचं संग्रहालय यांची तक्रार राज्य आयुक्तांकडे. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. इमारत नेमकी कोणाची हे कळत नसेल तर प्रवेशद्वाराजवळचा निळा फलक किंवा तिकिटावरचं नाव वाचा.

थेट आयुक्तांकडे धावण्याआधी त्या कार्यालयाच्या बारनिशीत (आवक टपाल कक्षात) एक साधा अर्ज देऊन पोच घ्या. कायद्याने ही पायरी सक्तीची नाही, पण 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' ही सबब त्याने संपते. सुगम्य भारत ॲपवर फोटोसह तक्रार टाकण्याचीही सोय आहे.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर तक्रारीला वजन येतं. शुल्क 10 रुपये, महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयांत कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. सुगम्यता तपासणीचा अहवाल आणि, इमारत नवी असेल तर, भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायच्या परवानगीची) प्रत मागा. कलम 44 सांगतं की मानकं पाळली नसतील तर बांधकाम पूर्णत्वाचं प्रमाणपत्र देताच येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम 45 ने नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली. 'निधी नाही' असं उत्तर आलं तर ही तारीख दाखवा. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेची मानकं निव्वळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान मानकं बंधनकारक करायला केंद्राला तीन महिने दिले, तेही एका ओळीत लिहा.

आयुक्तांकडच्या अर्जाला वकील लागत नाही. केंद्रीय नियमांतल्या नियम 38 प्रमाणे त्यात तुमचं नाव-पत्ता, समोरच्या कार्यालयाचं नाव-पत्ता, काय, कधी, कुठे घडलं ते, पुराव्याची कागदपत्रं आणि नेमकी मागणी एवढं हवं. स्वतः, प्रतिनिधीमार्फत, रजिस्टर्ड टपालाने किंवा ईमेलने देता येतो. मागणी मोघम नको. 'योग्य सोय करावी' यावर 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' एवढंच पदरात पडतं. 'मुख्य प्रवेशद्वाराशी 1:12 उताराचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला रॅम्प' असं लिहा.

संरक्षित स्मारकाची गोष्ट जरा वेगळी. तिथल्या 100 मीटरच्या प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम चालत नाही, त्यामुळे सिमेंटचा रॅम्प मागितला की कायदाच आड येतो. काढता-घालता येणारा लाकडी रॅम्प, तिकीट खिडकीची बुटकी बाजू, वाहनतळापासून सपाट वाट, स्पर्शाने कळणारी प्रतिकृती हे मागा. गडाच्या माथ्यापर्यंत व्हीलचेअर जाणार नाही हे मान्य करूनही पायथ्याशी करण्यासारखं बरंच उरतं.

अर्जानंतर समोरच्या कार्यालयाला म्हणणं मांडायला 30 दिवस, फार तर आणखी 15. सुनावणीला गैरहजर राहू नका, प्रकरण निकाली निघू शकतं. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण शेवटी येते ती शिफारस. कार्यालयाने तीन महिन्यांत ती अमलात आणून कळवायचं, किंवा नाकारत असेल तर कारणं तुम्हालाही कळवायची. कायदा मोडल्याबद्दल कलम 89 मध्ये पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत आणि पुढे 50 हजार ते पाच लाख दंड आहे.

'काम पूर्ण झालं' असं पत्र आलं तर फाईल बंद करण्याआधी पुन्हा मोजपट्टी घेऊन जा. उतार अजून जास्त भरला तर नव्याने सुरुवात न करता त्याच प्रकरण क्रमांकाचा उल्लेख करून, नवे फोटो जोडून लेखी कळवा.