रंगामुळे दिसलेला काळा आजार

सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब धरला की रोगजंतू आपोआप दिसू लागतात, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक न रंगवलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ पारदर्शक असतात आणि त्यांच्या आतले बारकावे ओळखणे फार अवघड जाते. ही अडचण दूर करण्यात ब्रिटिश लष्करातील डॉक्टर विल्यम लीशमन यांचा मोठा वाटा आहे. १८६५ मध्ये ग्लासगोला जन्मलेले लीशमन १८८७ मध्ये लष्करी वैद्यकीय सेवेत आले, १८९० ते १८९७ भारतात राहिले आणि पुढे इंग्लंडमधील नेटली येथे संशोधनाकडे वळले.

त्यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेला लीशमन स्टेन, म्हणजे मेथिलीन ब्लू (निळे) आणि इओसिन (लाल) या रंजकद्रव्यांचे रक्त रंगवण्याचे मिश्रण, आजही आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरात आहे. मेथिलीन ब्लू सोड्यासोबत तापवले की त्याच्या काही भागाचे ऑक्सिडीकरण होऊन ॲझ्युर हे रंजकद्रव्य तयार होते. धनभारित ॲझ्युर केंद्रकातील ऋणभारित डीएनएला चिकटते, तर ऋणभारित इओसिन हिमोग्लोबिनला गुलाबी करते. केंद्रकात मात्र दोघांच्या एकत्र येण्याने निळ्या-लालापेक्षा वेगळाच जांभळा रंग उमटतो. हे मिश्रण मेथिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असल्याने आधी पेशी काचेवर पक्क्या बसतात, आणि त्यावर दुप्पट बफर पाणी (आम्लता स्थिर ठेवणारे पाणी) घातल्यावरच रंग खऱ्या अर्थाने चढू लागतो. पाण्याचा सामू (pH) ६.८ च्या आसपास लागतो. आम्लता वाढली तर सारे गुलाबी, घटली तर निळे दिसते. ‘एका थेंबात सर्व आजार’ अशा जाहिरातींना भुलणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे, कारण कोणता घटक कोणते रंजकद्रव्य धरतो हे ठाऊक असल्याशिवाय थेंबातून काहीच कळत नाही.

कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत ताप जडलेला एक सैनिक १९०० मध्ये नेटलीत मरण पावला. त्याच्या प्लीहेतील द्रव रोमानोव्स्की पद्धतीने (मेथिलीन ब्लू आणि इओसिन एकत्र वापरून) रंगवल्यावर लीशमनना दोन-तीन मायक्रॉनचे असंख्य गोलसर कण दिसले, आणि प्रत्येकात दोन ठिपके होते, एक मोठा गोल, दुसरा लहान काडीसारखा. हे ट्रिपॅनोसोम या परजीवीचे विघटित अवशेष असावेत, असे त्यांनी मे १९०३ मध्ये लिहिले. हा निष्कर्ष चुकला, तरी निरीक्षण अचूक होते: ती काडी म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील डीएनएचा पुंजका, आणि हा नवा परजीवी खरोखरच ट्रिपॅनोसोमच्या कुळातला निघाला. दोनच महिन्यांत मद्रासचे डॉक्टर चार्ल्स डोनोव्हन यांनी तसेच कण आढळल्याचे कळवले, आणि मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी काळ्या आजाराच्या (प्लीहा सुजवणाऱ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या तापाच्या) या परजीवीला दोघांच्या नावांवरून ‘लीशमानिया डोनोव्हनी’ म्हटले.

लीशमन यांनी पुढे विषमज्वराच्या लसीत सुधारणा केली. १९२३ मध्ये ते लष्करी वैद्यकीय सेवेचे महासंचालक झाले आणि १९२६ मध्ये त्याच पदावर असताना त्यांचे निधन झाले.