स्टायलॉइड हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरचे बरे होणे

कानाच्या पाळीमागे आणि थोडे आत, कवटीच्या शंखास्थीपासून सुईसारखे निमुळते एक हाड खाली-पुढे उतरते. त्याला स्टायलॉइड म्हणतात. प्रौढ माणसात ते साधारण 2.5 सेंटीमीटर भरते. 3 सेंटीमीटरच्या पुढे गेले की ते वाढलेले धरतात. काहींमध्ये हाड मूळचेच लांब असते, तर काहींमध्ये हाडाच्या टोकापासून कंठास्थीपर्यंत (जिभेच्या मुळाशी, गळ्यात असलेल्या हाडापर्यंत) जाणारा अस्थिबंध कॅल्शियम साचून कडक झालेला असतो. घशात काहीतरी अडकल्याची भावना, गिळताना एका बाजूला टोचणे, कानात कळ, मान वळवली की दुखणे, अशा तक्रारींच्या या समूहाला ईगल सिंड्रोम हे नाव आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातले कान-नाक-घसा तज्ज्ञ वॉट वीम्स ईगल यांनी 1937 मध्ये त्याचे वर्णन केले. हाड लांब असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. दातांसाठी काढलेल्या पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये ते योगायोगाने दिसते आणि तिथेच विषय संपतो. तक्रार खरोखर त्या हाडाचीच आहे अशी खात्री झाली, तरच ते कापून काढतात. या शस्त्रक्रियेला स्टायलॉइडेक्टॉमी म्हणतात.

त्वचेची किंवा घशाची जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. मज्जातंतूंना मात्र महिने लागतात. हा फरक आधी समजावून सांगितलेला नसेल, तर तिसऱ्या आठवड्यात रुग्ण ‘ऑपरेशन फसले’ असे समजून बसतो. प्रत्यक्षात त्या वेळी मूळ दुखण्याबद्दल काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

हाडाभोवतीची गर्दी

या हाडाला जीभ, घसा आणि कंठास्थी हलवणारे तीन स्नायू आणि दोन अस्थिबंध चिकटलेले असतात. आतल्या अंगाला मेंदूला रक्त नेणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी आणि डोक्यातले रक्त परत आणणारी जुग्युलर शीर आहे. नववा, दहावा, अकरावा आणि बारावा हे मेंदूचे मज्जातंतू तिथूनच खाली जातात. चेहरा हलवणारा सातवा मज्जातंतू तर हाडाच्या बुडाला अगदी खेटून कवटीबाहेर पडतो. त्यामुळे हाड कवटीला अगदी सपाट होईल असे कापता येत नाही, बुडाचे काही मिलिमीटर ठेवावेच लागतात. बरे होताना जाणवणाऱ्या जवळपास प्रत्येक विचित्र गोष्टीचे मूळ या गर्दीत सापडते. मज्जातंतू तुटलेला नसला, तरी तो बाजूला ओढून धरला गेला किंवा सूज त्याच्यावर दाबली, तरी काही काळ तो गप्प पडतो.

दोन वाटा, दोन प्रकारची दुखणी

तोंडातून जाणाऱ्या वाटेत गिलायूच्या (टॉन्सिलच्या) खळग्यातून हाडापर्यंत पोहोचतात. त्यासाठी बहुधा त्या बाजूचा टॉन्सिलही काढतात. बाहेर व्रण राहत नाही, पण आतले कमी दिसते, रक्तस्राव आवरणे कठीण जाते आणि तोंडातले जंतू मानेच्या खोल भागात उतरण्याची शक्यता असते. मानेतून जाणाऱ्या वाटेत जबड्याच्या कडेखाली सुमारे दोन बोटे अंतरावर, त्वचेच्या घडीत 3 ते 5 सेंटीमीटरचा छेद घेतात. खालचा ओठ ओढणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची बारीक फांदी जबड्याच्या कडेलगत जाते, म्हणून हे अंतर सोडतात. या वाटेने हाड बुडापर्यंत दिसते. हाड फार लांब असेल किंवा रक्तवाहिनी दाबली जात असेल, तर हीच वाट बरी. गुटखा-सुपारीमुळे तोंड उघडत नसलेले रुग्ण महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यांच्या बाबतीत तोंडातली वाट बहुधा सुरुवातीलाच बाद होते.

तोंडातून शस्त्रक्रिया झालेल्याचे दुखणे टॉन्सिल काढल्यासारखेच असते. ते पहिले आठवडाभर जबर असते आणि गिळताना कानात मारते. मानेतून झालेल्याला गिळताना कमी दुखते, पण मान आखडते, जबडा जड होतो आणि कानाची पाळी बधिर पडते.

पहिले दोन दिवस

डोके सुमारे 30 अंश उंच ठेवतात. घरी दोन-तीन उशांनी तेवढे साधते. मानेत बारीक नळी (ड्रेन) घातली असेल, तर चोवीस तासांत 20-30 मिलिलिटरपेक्षा कमी स्राव येऊ लागल्यावर ती काढतात. बहुधा हे पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी होते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते. भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळेही आवाज दोन-तीन दिवस घोगरा राहतो. एवढ्याने घाबरायचे कारण नाही.

घाबरायचे ते मानेत झपाट्याने वाढणाऱ्या, टणक, ताणलेल्या सुजेला. आत रक्त साचले की श्वासमार्ग दबतो. आवाज बदलणे, थुंकी गिळता न येणे, आडवे होता न येणे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज ही त्याची लक्षणे. यात वाट पाहायची नसते. गरज पडल्यास खाटेवरच टाके उघडून रक्ताची गाठ काढतात. म्हणूनच पहिली रात्र रुग्णालयात काढायची. घरी गेल्यावर असे झाले तर थेट 108 ला फोन करावा. एकाएकी तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यालाही हाच नियम, कारण मेंदूला रक्त नेणारी धमनी शेजारीच आहे.

तोंडातून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित मानेच्या त्वचेखाली हवा शिरते. बोटाने दाबले की पापड चुरल्यासारखी कुरकुर लागते. ही हवा बहुधा आपोआप जिरते, पण डॉक्टरांना दाखवावे. तोवर नाक जोरात शिंकरू नये आणि शिंक तोंड उघडे ठेवून द्यावी.

औषध आणि अन्न

दुखण्याची गोळी दुखू लागल्यावर शोधण्यापेक्षा पहिले चार-पाच दिवस घड्याळ लावून घेतलेली बरी. प्रौढांना साधारणपणे दर सहा तासांनी 500 ते 650 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल देतात. सर्दीच्या आणि इतर वेदनाशामक मिश्रणांतही पॅरासिटामॉल असते, ते हिशेबात धरावे लागते. यकृताचा आजार किंवा वजन कमी असेल तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. ऍस्पिरिन मनाने घेऊ नये आणि आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नये. झिणझिणणारे, विजेसारखे दुखणे साध्या गोळ्यांना दाद देत नाही. त्यासाठी गॅबापेंटिनसारखे मज्जातंतूंवरचे औषध देतात. ते हळूहळू वाढवायचे आणि हळूहळूच थांबवायचे असते.

घसा दुखतो म्हणून न गिळणे ही सर्वांत नेहमीची चूक. घसा कोरडा पडतो, स्नायू आखडतात आणि पुढचा घोट आणखी दुखतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने खायला बसावे आणि दिवसभरात दोन-सव्वादोन लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. पहिल्या दिवशी गार दूध, गोडसर ताक, पेज. मग मऊ भात-तूप, मुगाचे पातळ वरण, खीर, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दुधात किंवा वरणात भिजवलेली पोळी. कडक भाकरी, चिवडा, चकली, शेंगदाणे, पापड आणि तिखट दोन आठवडे दूर ठेवावे.

तोंडातल्या जखमेवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नसून भरणाऱ्या जखमेची खपली असते. तिला बोट, चमचा, ब्रश लावू नये. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती सुटते आणि उशिरा होणारा रक्तस्राव याच काळात होतो. थुंकीत एखादी लालसर रेघ चालते. तोंडभर ताजे रक्त आले तर बसून पुढे वाकावे, रक्त गिळू नये आणि तातडीने रुग्णालय गाठावे. ताप 101 फॅरनहाइटच्या पुढे जाणे, तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे आणि मान एका बाजूला कडक होणे ही खोल संसर्गाची खूण आहे. पेल्याला अर्धा चमचा मीठ घालून कोमट चुळा भरता येतात, पण जोराच्या गुळण्या पहिल्या आठवड्यात नकोत.

पहिल्या घासाची कळ

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, बाकी सारे सुधारत असताना, एक नवेच दुखणे उपटते. जेवणाचा पहिला घास तोंडात घेतला की कानाच्या पुढे, जबड्याच्या कोनात, पिळवटून टाकणारी कळ येते. चार-पाच घासांत ती ओसरते आणि पुढच्या जेवणाला पुन्हा हजर होते. याचे कारण गालातली लाळग्रंथी. तिला येणारे सिंपथेटिक (शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रियांचे) तंतू बाह्य कॅरोटिड धमनीभोवतीच्या जाळ्यातून जातात आणि तिथे काम करताना ते दुखावतात. मग लाळ सुटण्याचा संदेश आला की ग्रंथीतल्या पेशी प्रमाणाबाहेर आवळतात. सर्वांत मोठा संदेश आंबटाचा असतो. म्हणून पानात डावीकडे वाढलेली लिंबाची फोड आणि लोणचे यांना हात लावण्याआधी दोन-तीन घास साधा भात दुसऱ्या बाजूने, सावकाश चावून खावा. काहींना चिंच-कैरीच्या नुसत्या वासानेही कळ येते. बहुतेकांत हे काही महिन्यांत मंदावते. न मंदावल्यास ग्रंथीत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो.

मज्जातंतूंचे परतणे

दुखावलेला तंतू नव्याने वाढतो तेव्हा त्याचा वेग दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर असतो, म्हणजे महिन्याला तीन सेंटीमीटर. नुसता ताणला गेलेला असेल तर त्याहून लवकर जागा होतो. खालचा ओठ एका बाजूला खाली न येणे, त्यामुळे हसताना तोंड तिरके दिसणे, हे मानेतल्या वाटेनंतर अधूनमधून दिसते आणि बहुधा काही आठवडे ते काही महिन्यांत जाते. जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळणे, पाणी पिताना ठसका लागणे, दोन आठवड्यांनंतरही आवाज बसलेला असणे, केस विंचरायला हात वर न जाणे, एका डोळ्याची पापणी उतरून बाहुली लहान दिसणे, या प्रत्येकामागे वेगळा तंतू असतो. त्यामुळे तपासणीच्या वेळी ‘अशक्तपणा आहे’ असे मोघम सांगण्यापेक्षा नेमकी हालचाल सांगितलेली उपयोगी पडते. खांदा उतरला असेल तर फिजिओथेरपी लवकर सुरू करावी, नाहीतर सांधाच आखडतो.

बधिर पाळी आणि जबड्याखालचा भाग सर्वांत उशिरा जागे होतात. थोडा बधिरपणा कायमचाही राहतो. त्या भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, भाजल्याचे कळतच नाही. दाढीला पात्याऐवजी विजेचे यंत्र वापरावे. संवेदना परतताना मुंग्या, खाज, अधूनमधून सुई टोचल्यासारखे होते. त्रासदायक असले तरी हे लक्षण चांगले.

मान, जबडा, व्रण, कामधंदा

मानेचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. मान पहिल्या दिवसापासून न दुखेल इतकी हळू वळवावी. लाकडासारखी धरून ठेवली तर आखडलेल्या स्नायूंचे दुखणे मूळच्या दुखण्यात मिसळते आणि कशाचे काय ते कळेनासे होते. तोंड किती उघडते हे स्वतःची तीन बोटे उभी घालून पाहावे. तेवढी मावत नसतील तर शल्यविशारदाच्या संमतीने दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येकी दहादा, तोंड सावकाश उघडून पाच सेकंद धरावे.

बैठे काम साधारण दोन आठवड्यांनी जमते. पाच किलोपेक्षा जड उचलणे, व्यायामशाळा, शेतातले ओझ्याचे काम चार ते सहा आठवडे थांबवावे. गुंगीची औषधे बंद होऊन मान दोन्ही बाजूंना मोकळी वळेपर्यंत गाडी चालवू नये. दुचाकीवाल्यांची एक खास अडचण असते: हेल्मेटचा पट्टा नेमका छेदावर घासतो. पट्टा सैल सोडून चालवणे हा त्यावर उपाय होत नाही. जखम पक्की होईपर्यंत दुचाकीच टाळावी. व्रण पूर्ण मिटल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी, सिलिकॉन जेल लावता येते. उन्हाने तो काळवंडतो, म्हणून वर्षभर झाकावा. तंबाखू, ओढायची असो की चघळायची, जखम भरणे लांबवते.

रक्तवाहिनी दबलेली असेल तर

जुग्युलर शीर हे हाड आणि मानेचा पहिला मणका यांच्यात चेपली जाते, तेव्हा मुख्य तक्रार डोक्यातला दाब आणि कानात धडधड अशी असते. अशा रुग्णांत सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस हलके जातात, मग सूज शिरेवर दाबते आणि डोके पुन्हा भरून येते. बरेच दिवस दबलेली शीर हाड काढल्यावरही पुरती उघडेलच असे नाही. तपासणीअंती कधी त्या मणक्याचा बाजूचा भाग घासावा लागतो किंवा शिरेत स्टेंटचा विचार होतो. धमनीच्या भिंतीला इजा झालेली असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधे किती दिवस घ्यायची हे आधीच लिहून घ्यावे.

त्रास उरला तर

निकालाचा पहिला अंदाज तीन महिन्यांनी घेता येतो. मज्जातंतूंच्या तक्रारींसाठी सहा महिने ते वर्ष थांबावे लागते. त्यानंतरही जुनेच टोचणे राहिले तर त्रिमितीय सीटी स्कॅन काढून दोन्ही बाजू मोजतात. बुडाचा तुकडा गरजेपेक्षा लांब राहिला आहे का, त्याची कड टोकदार आहे का, अस्थिबंधाचा कडक भाग कंठास्थीजवळ तसाच आहे का, हे त्यात दिसते. स्कॅन स्वच्छ असेल तर जबड्याचा सांधा, नवव्या मज्जातंतूचा न्यूराल्जिया (त्या तंतूतूनच उठणारी कळ) किंवा मानेचे मणके यांकडे वळावे लागते. कधी एक बाजू शांत झाल्यावर दुसरी बोलू लागते. आधी मोठ्या दुखण्याखाली ती दबलेली असते. दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया सहसा त्याच वेळी करत नाहीत. दोन्हीकडचे गिळण्याचे किंवा आवाजाचे तंतू एकदम सुस्त झाले तर श्वास आणि अन्न दोन्ही अडचणीत येतात, म्हणून पहिल्या बाजूची सूज उतरून तंतू काम करू लागल्याची खात्री करून, काही महिन्यांच्या अंतराने ती घेतात.