नाकाबंदी आणि वाहनाची झडती

नाकाबंदी म्हणजे रस्त्याच्या एखाद्या टप्प्यावर अडथळे लावून वाहने थांबवणे, चालकाची कागदपत्रे पाहणे आणि कारण असेल तर वाहन तपासणे. महाराष्ट्रात एकतीस डिसेंबरची रात्र, निवडणुकीची आचारसंहिता, मोठे सण किंवा नुकताच घडलेला एखादा गुन्हा अशा वेळी ती हमखास लागते. बोलीभाषेत तिला नुसते ‘चेकिंग’ म्हणतात आणि सगळा घोळ या शब्दापासूनच सुरू होतो. थांबवणे, कागदपत्रे मागणे आणि झडती घेणे हे तीन निरनिराळे अधिकार आहेत. त्यांची कलमे वेगळी, अटी वेगळ्या. रस्त्यावर मात्र तिन्ही एका दमात वापरले जातात. ‘लायसन्स दाखवा’ आणि ‘डिकी उघडा’ ही वाक्ये एकाच सुरात येतात, त्यामुळे चालकाला दोन्हींमागे सारखेच बळ आहे असे वाटते. तसे ते नाही.

नाकाबंदीची गरज मुंबईला पटवून द्यावी लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ डॉ. दा. भ. मार्ग पोलीस ठाण्याच्या नाकाबंदीतच दहशतवाद्यांनी पळवलेली स्कोडा गाडी अडली. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी एके-४७ ची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि अजमल कसाब जिवंत हाती लागला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. रात्रभर बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या हवालदाराला पुढच्या गाडीत कोण आहे हे ठाऊक नसते. चालकाच्या हक्कांचा विचार ही बाजू पूर्ण मान्य करूनच व्हायला हवा.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३० नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याने गणवेशातील पोलिसाने मागताच परवाना दाखवणे बंधनकारक आहे. ‘गणवेशातील’ हा शब्द कायद्यातलाच आहे. साध्या कपड्यातल्या माणसाने रस्त्यात हात करून लायसन्स मागितले, तर त्याला आधी ओळखपत्र विचारण्यात काहीच उद्धटपणा नाही. नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि इतर कागदांबाबतची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३९ मध्ये आहे. कागद जवळ नसतील, तर साक्षांकित प्रती मागणीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत सादर करण्याची मुभा याच नियमात पूर्वीपासून आहे. २०१८ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपवरचे कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य ठरले. १ ऑक्टोबर २०२० पासून तर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पडताळणी झालेल्या कागदाची छापील प्रत मागूच नये, असे नियमच सांगतो.

परवाना काढून घेण्याचा अधिकार कलम २०६ मध्ये आहे, पण तो ठरावीक प्रसंगांपुरता. कागद बनावट वाटला, किंवा २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेग, धोकादायक वाहन चालवणे, मद्यपान, विनाहेल्मेट यांसारखा गुन्हा घडला, तर परवाना जप्त करून निलंबनासाठी परवाना अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. वाहनच अडकवून ठेवण्याचे कलम २०७. परवान्याशिवाय किंवा अल्पवयीनाने चालवलेले, विनानोंदणी किंवा विनापरमिट वाहन त्यात येते. दुचाकीची चावी उपटून खिशात टाकणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत, पण असा स्वतंत्र अधिकार देणारे एकही कलम या कायद्यात नाही. चालती गाडी अडवून चावी ओढण्याने अपघाताचा धोकाही असतो, आणि तो दोघांनाही असतो.

दंड जागेवरच भरला पाहिजे असेही नाही. तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवणे ही कलम २०० ने दिलेली सवलत आहे. गुन्हा मान्य नसेल, तर चालक न्यायालयात जाऊ शकतो. शुल्क घेण्याचा अधिकार राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यालाच असतो आणि त्याची नोंद चलानात होते. नोंद नसलेला पैसा म्हणजे चिरीमिरी, मग ती कोणी मागितलेली असो वा कोणी पुढे केलेली.

श्वासाची चाचणी

कलम १८५ नुसार रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ब्रीथ ॲनालायझरमध्ये फुंकायला सांगण्याचा अधिकार कलम २०३ देते, मात्र चालकाने हा गुन्हा केल्याचा संशय घ्यायला वाजवी कारण असावे लागते. संशयाला जागा असूनही फुंकायला नकार दिला, तर विनावॉरंट अटक होऊ शकते. त्यामुळे ‘मी फुंकणार नाही’ हा हक्क समजून अडून बसणारा चालक स्वतःचेच नुकसान करून घेतो. रक्ताचा नमुना मात्र रस्त्यावर घेता येत नाही. तो अटकेनंतर नोंदणीकृत डॉक्टरच घेतो.

डिकी

आता मूळ प्रश्न. परवाना तपासण्याच्या अधिकारात गाडी धुंडाळण्याचा अधिकार येत नाही. मोटार वाहन कायद्याची कलमे वाहनाची स्थिती, कागद आणि चालक यांच्याभोवती फिरतात. डिकीतली बॅग, डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची पिशवी उघडायची, तर पोलिसाला दुसऱ्या कायद्याचा आधार लागतो.

सर्वसाधारण आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. तिच्यातले विनावॉरंट झडतीचे कलम १८५ म्हणजे जुने कलम १६५. ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येत घर, इमारत आणि तंबू यांच्यासोबत वाहन आणि नौकाही येतात, म्हणून मोटारगाडीला हे कलम लागू होते. पण त्याच्या अटी कडक आहेत. झडती घेणारा अधिकारी पोलीस ठाण्याचा प्रभारी किंवा तपास अधिकारी असावा, एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असावा, त्यासाठी लागणारी वस्तू तिथे सापडेल असे मानायला वाजवी कारण असावे आणि ते कारण झडतीपूर्वी लेखी नोंदवावे. येणारी प्रत्येक गाडी सरसकट उघडून पाहणे या चौकटीत बसत नाही. कलम १०६ (जुने १०२) चोरीची किंवा गुन्ह्याशी संबंधित वाटणारी वस्तू जप्त करू देते. मागच्या सीटवर उघड पडलेली वस्तू त्यात येऊ शकते. मात्र हे जप्तीचे कलम आहे. त्याला शोधमोहिमेचे कलम मानणे हा ताणलेला अर्थ आहे.

झडती झालीच, तर तिची रीत कलम १०३ मध्ये आहे. त्याच परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच, त्यांच्यासमोर झडती, सापडलेल्या वस्तूंची यादी, यादीवर पंचांच्या सह्या आणि तिची प्रत झडती झालेल्या माणसाला. कलम १०५ ने भर घातली ती दृक्‌श्राव्य चित्रीकरणाची. झडतीची आणि जप्तीची सगळी प्रक्रिया मोबाइलवर का होईना, चित्रित करून विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची आहे. पंच मिळत नाहीत, ही पोलिसांची जुनी आणि खरी अडचण. रात्री दोन वाजता महामार्गावर दोन प्रतिष्ठित शेजारी कुठून आणायचे? म्हणूनच चित्रीकरणाचे हे कलम मला या संहितेतली रस्त्यावरच्या माणसासाठी सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ते निर्दोष चालकाला जितके वाचवते तितकेच प्रामाणिक पोलिसालाही.

विशेष कायद्यांमध्ये हा अधिकार बराच रुंद आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम २३ पोलीस अधिकाऱ्याला कायद्याचा भंग होत आहे का हे पाहण्यासाठी कोणतेही वाहन थांबवून शोधू देते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कलम ४९ मध्ये संशयित वाहन थांबवून तपासण्याचा अधिकार आहे. गोव्याहून परतणाऱ्या मराठी कुटुंबाला बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडावी लागते, त्यामागे राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा असतो. गोव्यात स्वस्त मिळणारी बाटली विनापरवाना सीमेपलीकडे आणली, तर बाटलीसोबत गाडीही अडकू शकते.

निवडणुकीच्या काळात आणखी एक यंत्रणा रस्त्यावर येते. स्थिर सर्वेक्षण पथकाची तपासणी कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह व्हावी, अशी निवडणूक आयोगाची कार्यपद्धती आहे. महिला अधिकारी नसेल, तर बाईची पर्स तपासायची नाही, हेही त्यात आहे. पन्नास हजार रुपयांहून अधिक रोकड जप्त करण्याची तरतूद उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षकार्यकर्ता असलेल्या किंवा प्रचारसाहित्य वाहणाऱ्या गाडीसाठी आहे. बाजार समितीतून पट्टीचे पैसे घेऊन निघालेला शेतकरी किंवा वसुलीवरून परतणारा व्यापारी यात भरडला जातो. रोकड परत मिळवण्यासाठी जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समिती असते. विक्रीची पावती किंवा बँकेतून काढलेल्या पैशांची नोंद सोबत असली, तर तिथे काम लवकर होते.

अंगझडती

गाडीची झडती आणि अंगझडती या दोन गोष्टी. अटक झालेल्या माणसाची अंगझडती संहितेच्या कलम ४९ नुसार घेता येते आणि काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. स्त्रीची झडती स्त्रीनेच, पूर्ण सभ्यता राखून घ्यायची. याला अपवाद नाही.

अमली पदार्थांच्या प्रकरणात त्या कायद्याचे कलम ५० संशयिताला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी असे म्हणण्याचा हक्क देते. हा हक्क आहे हे पोलिसाने त्याला सांगितलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ मध्ये ठरवले. मात्र २००५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की कलम ५० अंगझडतीपुरते आहे. हातातली बॅग म्हणजे अंग नव्हे. २०२१ मध्ये हरियाणातल्या एका खटल्यात न्यायालय म्हणाले की सार्वजनिक रस्त्यावर उभी असली, तरी खासगी जीप ही ‘सार्वजनिक जागा’ होत नाही. त्यामुळे तिच्या झडतीला कलम ४३ नव्हे, तर लेखी नोंदीची अट घालणारे कलम ४२ लागू होते. ती नोंद झालीच नव्हती, म्हणून आरोपी सुटले. आपली गाडी रस्त्यावर उभी असतानाही आपलीच राहते, ही साधी गोष्ट या निकालाने कायद्याच्या भाषेत मांडली.

काच आणि मोबाइल

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवर काळ्या फिल्म लावायला बंदी केली. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हा नियम त्याआधीपासूनचा. काचेतून आत पाहायला पोलिसाला कोणाची परवानगी लागत नाही, पण पाहणे आणि उघडून उचकटणे यात अंतर आहे.

मोबाइल हा त्याहून गंभीर विषय. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादमध्ये पोलीस रस्त्यात तरुणांना थांबवून त्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये गांजासंबंधीचे शब्द शोधताना दिसले आणि देशभर चर्चा झाली. न्या. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे एकमताने सांगितले होते. तिच्यावर मर्यादा आणायची, तर कायदा, योग्य हेतू आणि प्रमाणबद्धता लागते. गुन्हा नोंद नसताना भर रस्त्यात कोणाच्याही गप्पा वाचणे यातल्या पहिल्याच कसोटीवर टिकत नाही.

बेकायदा झडतीचे पुढे काय होते?

येथे भारतीय कायदा चालकाला फार आधार देत नाही. अमेरिकेच्या संविधानातल्या चौथ्या दुरुस्तीसारखे अवाजवी झडतीविरुद्धचे कलम आपल्या संविधानात नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने ही बाब अधोरेखित केली, आणि १९७४ मध्ये प्राप्तिकर छाप्यांच्या प्रकरणात असे ठरले की झडती बेकायदा असली, तरी तेवढ्याने सापडलेला पुरावा बाद होत नाही. अमेरिकेत अवैध झडतीत मिळालेला पुरावा साधारणतः खटल्यातून वगळतात, म्हणून पोलिसाला नियम पाळावा लागतो. आपल्याकडे पुरावा टिकतो, मग नियम पाळायचा कशासाठी, असा प्रश्न उरतो. अमली पदार्थांच्या कायद्यात शिक्षा कठोर असल्याने न्यायालये प्रक्रियेबाबत काटेकोर राहिली, बाकी ठिकाणी सैल. पुट्टस्वामी निकालानंतर ही जुनी भूमिका पुन्हा तपासली जायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाद मागण्याचे मार्ग मात्र आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ नुसार त्रास देण्याच्या हेतूने आणि विनाकारण एखाद्याला अडवून ठेवणे, त्याची झडती घेणे किंवा मालमत्ता जप्त करणे हा पोलिसाचा शिक्षापात्र गुन्हा आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ५८ असेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या पोलीस सुधारणा निकालानंतर आलेले राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही तक्रार ऐकते. हुज्जत घालून, हात झटकून मात्र काही साधत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम १३२, म्हणजे सरकारी कामात अडथळ्यासाठी बळाचा वापर, लगेच लागते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. कोणत्या कलमाखाली झडती घेता, नोंद केली का, पंच कोण, यादीची प्रत मिळेल का, एवढेच शांतपणे विचारावे आणि गणवेशावरची नावाची पट्टी, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे.

चालकाने स्वतः चित्रीकरण करावे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रस्त्यावरील पोलिसाच्या कामाचे चित्रण सरसकट मना करणारा कायदा नाही, फक्त कामात अडथळा येता कामा नये. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर पोलीस ठाणेसुद्धा शासकीय गुपिते कायद्याखालील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही असे सांगून, ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल दाखल झालेला त्या कायद्याखालचा गुन्हा रद्द केला.