जुन्या स्नेअर ड्रमवर नवं पान का बसत नाही?

गोव्यात जुने ड्रम अजून घरोघरी सापडतात. फेस्तातले ब्रास बँड, तियात्रातले वादक, मुंबईच्या डान्स बँडांत आणि हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रांत उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेले कलावंत यांचे स्नेअर, म्हणजे तळाला तारा लावलेले ड्रम, आता पुढची पिढी माळ्यावरून खाली काढते. कवच, म्हणजे ड्रमची गोल भिंत, ठणठणीत, बोल्ट फिरतात, फक्त पान, म्हणजे तोंडावर ताणलेला पडदा, फाटलेलं. मग दुकानातून १४ इंची पान येतं आणि ते कवचावर उतरतच नाही. दुकानदाराचं माप बरोबर असतं आणि ड्रमही वाकलेला नसतो. अडचण मुळात पान बनवण्याची पद्धत बदलल्यामुळे आली आहे.

१९५०च्या दशकापर्यंत स्नेअरचं पान कातड्याचं असे. वरच्या बाजूला वासराचं, खालच्या बाजूला, जिथे तारा लागतात तिथे, त्याहून कितीतरी पातळ. हे कातडं थंड पाण्यात भिजवून मऊ करायचं, त्या ड्रमच्या मापाच्या लाकडी कडीवर पसरायचं आणि चमच्याच्या पाठीसारख्या बोथट हत्याराने कडा कडीखाली सारत सगळीकडून गुंडाळायच्या. मग ओलं असतानाच ते ड्रमवर चढवून हलका ताण द्यायचा, म्हणजे वाळताना ते कवचाच्या काठावर नेमकं बेतलं जातं. माप दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असलं तरी बिघडत नसे. कातडं ड्रमचं ऐकायचं. त्यामुळे सगळ्या कंपन्यांनी एकच माप पाळावं असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

कातड्याचा वैरी म्हणजे दमट हवा, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तिचंच राज्य. सकाळी ताणलेलं पान संध्याकाळी ढिलं पडतं. शिगम्याचे ताशे आणि चवथीचं घुमट हे मातीचं वाद्य वाजवणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणूनच प्लास्टिक आलं तेव्हा ड्रमवाल्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. अमेरिकेत १९५६ साली चिक इव्हान्स यांनी पॉलिस्टर फिल्मचं पान केलं, १९५७ मध्ये रेमो बेली यांनी आपली कंपनी काढली, आणि काही वर्षांतच वासराचं कातडं मागे पडलं.

पण हे पान कारखान्यातून धातूच्या कडीत पक्कं बसवून येतं. ते ओलं करून बेतता येत नाही. आता ड्रमलाच पानाच्या मापात यावं लागलं. अमेरिकी मापं चलनी झाली, युरोपात मात्र वेळ लागला. इंग्लंडच्या प्रीमियर कंपनीचे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीचे बरेच ड्रम नावाला १४ इंची, पण कवच किंचित मोठं. काही जुन्या जर्मन ड्रमची मापं सेंटीमीटरमध्ये होती. ३६ सेंटीमीटरचं कवच १४ इंचांपेक्षा साडेचार मिलिमीटरच्या आसपास मोठं भरतं, आणि कडी अडायला तेवढं पुरतं. त्यात आपल्याकडे १९९१ पर्यंत आयातीवर कडक निर्बंध. मूळ पान मिळणं दुरापास्त, म्हणून हाती येईल ते ठोकून बसवलेलं असायचं. जुन्या ड्रमच्या काठावरचे ओरखडे बहुधा त्याच काळातले. असा काठ पुन्हा ठोकू नये एवढी माझी कळकळीची विनंती आहे, कारण स्वर बिघडतो तो तिथेच.

कातडं बेतण्याची विद्या गोव्यात संपलेली नाही. मातीच्या प्रत्येक घुमटाचं तोंड वेगळं, त्यामुळे त्याला तयार पान चालत नाही. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिलं, आणि बकरीचं कातडं वापरात आलं. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. घुमट मढवणारा कारागीर पाहिला की मला वाटतं, मोठ्या मापाच्या जुन्या स्नेअरची कडी याच्याच हाती द्यावी. वरच्या पानासाठी बकरीचं कातडं चालण्यासारखं आहे, पावसाळ्यात ढिलाई सोसण्याची तयारी मात्र हवी.

ज्यांना प्लास्टिकच हवं, त्यांनी आधी पान घट्ट धरणारी वरची आणि खालची रिंग काढून उघड्या कवचाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजावा, आणि तोही दोन-तीन ठिकाणी. वाढीव मापाची पानं आजही बनतात, मागवताना व्यासच सांगावा. खालचं पान वेगळं मागवावं. वरचं साधारण पाव मिलिमीटर जाड असतं, खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ. वरचंच खाली लावलं तर तारा नीट थरथरत नाहीत.