स्वॅपीनेस ६० म्हणजे ६० टक्के रॅम नव्हे

लिनक्समध्ये स्वॅपीनेस ही सेटिंग ६० असेल तर ६० टक्के रॅम भरताच सर्व्हर स्वॅप (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा) वापरू लागतो, असे ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत आजही नव्या मुलांना शिकवले जाते. हे चुकीचे आहे. मेमरी मोकळी करण्याची वेळ आल्यावर प्रोग्रॅमची पाने (मेमरीचे छोटे तुकडे) स्वॅपमध्ये हलवायची की कॅशमधली, म्हणजे डिस्कवरून वाचून रॅममध्ये ठेवलेली, फाइलींची पाने सोडायची, याचा कल ठरवणारे ते केवळ तुलनात्मक वजन आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ५.८ या आवृत्तीपासून त्याची कमाल मर्यादा २०० आहे, जी टक्केवारीत बसूच शकत नाही. म्हणून ५१२ जीबीच्या डेटाबेस सर्व्हरवर स्वॅपीनेस घाईने शून्य करू नये, कारण मग कर्नल स्वॅप जवळजवळ टाळतो आणि मेमरीवर ऐन ताण आल्यावेळी कर्नल डेटाबेसची प्रोसेसच मारू शकतो. आधी व्हीएमस्टॅट (vmstat) ही मेमरीची आकडेवारी दाखवणारी आज्ञा चालवून एसआय (स्वॅपमधून रॅममध्ये येणारा डेटा) आणि एसओ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारा डेटा) हे रकाने पाहावेत. ते सतत शून्य असतील, तर स्वॅप थोडा भरलेला दिसला तरी चिंतेचे कारण नाही.