जमिनीत डिझेल, ऑइल किंवा केमिकल मुरलंय? आधी हे वाचा

नमस्कार. आम्ही बडोद्यात दूषित माती साफ करायचं काम करतो. गॅरेजवाले, मकरपुऱ्यातले छोटे युनिटवाले, जुना प्लॉट घेतलेले, बरेच जण येऊन एकच सांगतात, वरची फूटभर माती उचला, मुरूम टाका, झालं. प्लीज असं करू नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, डिझेल त्या भेगांतून सरळ खाली उतरतं आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढलं की त्याच्यावर तरंगत परत वर येतं.

घरी बघायचं तर मूठभर माती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा, रंगीत तवंग आला तर बहुतेक तेल मुरलंय. पण तवंग नाही म्हणून माती चांगली असं समजू नका, लेड आणि क्रोमियम लॅबमध्येच कळतं. आम्ही टेस्टशिवाय कोटेशन देत नाही ते यासाठीच, काय मुरलंय त्यावर पद्धत ठरते.

डिझेल असेल तर जंतू ते खातात, खरंच खातात, फक्त त्यांना हवा, ओल आणि खत लागतं. माती खणून जाड प्लास्टिकवर ढीग करायचा, त्यात कुजलेलं शेणखत, थोडा युरिया, सुपर फॉस्फेट, आणि काळी माती चिकट म्हणून भाताचा तूस भरपूर, नाहीतर आत हवाच जात नाही. मध्ये भोकांचे पाइप, वर ताडपत्री. ओल पिळलेल्या फडक्याइतकी, पाणी जास्त झालं की जंतू गुदमरतात. काही महिने लागतात, गाडीच्या काळ्या ऑइलला अजून जास्त, आणि त्यात मेटलही असतात.

मेटल मात्र जंतू खाऊन संपवू शकत नाहीत, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. विषारी सहा संयुजी क्रोमियम असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) मिसळून त्याचं तीन संयुजी करतात, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, पण राहतं तिथंच, म्हणून नंतर पाझर-टेस्ट, म्हणजे मातीतून पाण्यात किती उतरतं ते बघणारी टेस्ट, करावीच लागते. मोहरी लावून लेड ओढून घेता येतं, पण वर्षं जातात आणि तो पाला गुरांना घालायचा नाही, जाळायचाही नाही. फारच खराब माती परवानगी असलेल्या टीएसडीएफ साइटवरच (घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो ठेवायची जागा) जाते, दुसऱ्याच्या शेतात किंवा विश्वामित्रीच्या काठावर आम्ही ती टाकणार नाही, कितीही घाई असली तरी.

जुना इंडस्ट्रियल प्लॉट घेताय तर सौद्याआधी टेस्ट करा. 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत, त्यात साफसफाईचा खर्च घाण करणाऱ्यावर येतो, पण ती कोणी केली हे सौदा झाल्यावर सिद्ध करणं अवघड जातं.

सॅम्पल आणताना एक फूट आणि तीन फूट, दोन्ही खोलीची माती काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, वास उडून जातो आणि रिपोर्ट कमी येतो. बरणी बर्फाच्या डब्यात ठेवा, त्याच दिवशी आणा, आणि वर जागा आणि खोली लिहा, दोन बरण्या झाल्या की कुठली कुठून काढली ते आठवत नाही.