एक ग्रॅम सोन्याचं क्षेत्रफळ

लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या पेढीत एक ग्रॅम सोन्याचा भरीव ठोकळा मागितला (देणार नाहीत, वेढणी पुढे करतील, पण समजा दिला), तर त्याची बाजू पावणेचार मिलिमीटरच्या आत-बाहेर भरेल. सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरही होणार नाही. आता तेवढंच सोनं १० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांत वाटून टाका. वजन तेच राहतं, पण कणांच्या पृष्ठभागांची बेरीज होते ३१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३३५ चौरस फूट. पुण्यात एवढ्या जागेत वन-आरके फ्लॅट बसतो.

नॅनोकणांची सगळी करामत या क्षेत्रफळात आहे, आणि त्यांच्याविषयीची बरीचशी काळजीही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. पदार्थाच्या पोटातला अणू चारी बाजूंनी शेजाऱ्यांनी धरून ठेवलेला असतो. पृष्ठभागावरच्या अणूचे काही हात मोकळे असतात आणि रासायनिक क्रियेत भाग घेतात ते हेच. तीन नॅनोमीटरच्या कणात चाळीस-पन्नास टक्के अणू पृष्ठभागावरच येतात. त्यामुळे पदार्थाचा स्वभावच पालटतो. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, पण दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याच्या शेकडो अंश आधीच पाघळतात. दागिन्यातलं सोनं सहसा कशाशीही क्रिया करत नाही म्हणून आपण ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो. त्याच सोन्याचे पाच नॅनोमीटरहून लहान कण धातूंच्या ऑक्साइडवर बसवले, तर ते विषारी कार्बन मोनॉक्साइडचं शून्याखालच्या तापमानालासुद्धा कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. जपानच्या मासाताके हारुता यांनी हे १९८०च्या दशकात दाखवलं. आपल्या मोटारीच्या सायलेन्सरआधी बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच तत्त्वावर चालतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचे बारीक कण सिरॅमिकच्या जाळीवर पसरलेले असतात. सततच्या उष्णतेने हे कण एकमेकांत मिसळून मोठे झाले की पृष्ठभाग घटतो आणि कन्व्हर्टर मंदावतो. धातू कुठे गेलेला नसतो, त्याचं क्षेत्रफळ गेलेलं असतं.

रंगाचंही असंच. सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असतील तर ते पाणी गडद लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये या लाल द्रावांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत, रंगासकट. कणांच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशातल्या हिरव्या भागाबरोबर, म्हणजे ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीबरोबर, हेलकावे खातात आणि तो भाग शोषून घेतात. उरतो तो लाल. कणांच्या गुठळ्या झाल्या की हाच द्राव जांभळा, मग निळसर होतो.

हा लाल रंग तुम्ही पाहिलेला आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर उमटणारी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांची असते. करोनाच्या काळात घरोघरी पोचलेल्या रॅपिड अँटिजेन चाचण्यांचंही तत्त्व हेच. पट्टीच्या सुरुवातीला हे कण वाळवून ठेवलेले असतात आणि गर्भधारणेच्या पट्टीत प्रत्येकावर एचसीजी या गर्भारपणातल्या संप्रेरकाला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. थेंब पडला की द्रव कागदातून वर चढू लागतो आणि कण त्याच्याबरोबर निघतात. वाटेत एचसीजी भेटलं तर ते कणाला चिकटतं. पुढे रेघेच्या जागी दुसरी प्रतिपिंडं दबा धरून असतात, ती एचसीजीला धरतात आणि पाठोपाठ आलेला सोन्याचा कण तिथेच अडकतो. असे पुष्कळ कण एका रेषेत अडकले की रेघ डोळ्यांना दिसते. ना यंत्र, ना वीज. माझ्या मते नॅनोतंत्रज्ञानाचा हा सर्वांत देखणा वापर आहे, आणि त्याची जाहिरात कुणीच करत नाही.

असे कण बनवण्याच्या शास्त्रात पुण्याचं नाव आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी आणि झाडपाल्याच्या मदतीने धातूंचे नॅनोकण तयार करून दाखवले. २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात होता गवती चहा. पावसाळ्यात आपण आल्याबरोबर चहात टाकतो, तोच. पाती उकळून गाळलेलं पाणी सोन्याच्या क्षाराच्या पातळ द्रावणात मिसळलं की काही तासांत द्रावण लालसर होतं. पानांतली साखर आणि अल्डिहाइडसारखी द्रव्यं सोन्याच्या आयनांचं धातूत रूपांतर करतात. गंमत पुढे आहे. आधी बनलेले गोल कण खोलीच्या तापमानालाच द्रवासारखे एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे चपटे त्रिकोण तयार होतात. हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषतात. सोनं तेच, नुसता आकार बदलला.

त्यानंतर तुळस, कडुनिंब, कोरफड, हाताला लागेल त्या पाल्यापासून चांदीचे कण बनवणं हा महाविद्यालयीन प्रकल्पांचा आवडता विषय झाला. त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. पण पाल्यापासून बनवले म्हणून कण निरुपद्रवी, हे काही खरं नाही. कढीपत्त्याने बनवलेली चांदीही चांदीच.

औषधांत नॅनोकणांचं मुख्य काम वाहतुकीचं. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं जुनं औषध हृदयाला इजा करतं. ते शंभरेक नॅनोमीटरच्या स्निग्ध पिशव्यांत भरून द्यायला अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळाली. हृदयावरचा ताण कमी झाला, पण या पिशव्या त्वचेपर्यंत झिरपत असल्याने काही रुग्णांच्या तळहातांची आणि तळपायांची आग होऊन सालं निघू लागली. वाहन बदललं की औषधाचा मुक्कामही बदलतो.

घोडं पेंड खातं ते मात्र पोचवण्यातच. नॅनोकण ‘थेट गाठीवर हल्ला’ करतात असं चित्र वर्तमानपत्रांत रंगवलं जातं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्या भागाचा मध्यांक निघाला ०.७ टक्के. बाकीचे बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. सहाएक नॅनोमीटरहून लहान असलेले मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतात. शिवाय रक्तात शिरताच कणावर तिथल्या प्रथिनांचा थर बसतो, आणि पेशींना दिसतो तो हा थर. आपण कौशल्याने घडवलेला पृष्ठभाग खाली झाकला जातो.

लसींचं गणित त्या मानाने सोपं, कारण तिथे कणांना फार लांब जायचं नसतं. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू, नुसतं टोचलं तर शरीरातली विकरं क्षणात त्याचे तुकडे करतात, म्हणून त्याला स्निग्ध नॅनोकणांची सोबत लागते. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीच्या ‘जेमकोव्हॅक-१९’ या देशातल्या पहिल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिला उणे तापमानाची गरज नव्हती, २ ते ८ अंश पुरत. हडपसरच्या सीरममध्ये बनणारी आर-२१ ही मलेरियाची लसही नॅनोकणच आहे. हिपॅटायटिस-बीच्या विषाणूचं प्रथिन मलेरियाच्या प्रथिनाच्या तुकड्यासह आपसूक जुळून त्याचे विषाणूसारखे कण बनतात, आत जनुक नसलेले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली.

मग हे सुरक्षित आहे का? असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. कार्बनच्या नॅनोनळ्या घ्या. २००८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात लांब, ताठ नळ्यांनी पोटाच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉससारखी दाहक प्रतिक्रिया दिली. आखूड, गुंतवळ झालेल्या नळ्यांनी दिली नाही. दोन्ही शुद्ध कार्बन. टायटॅनियम डायऑक्साइडचं पाहा. सनस्क्रीनमधले त्याचे नॅनोकण धडधाकट त्वचेच्या वरच्या मृत थरापलीकडे जात नाहीत, म्हणून मलम चालतं. तेच फवाऱ्यातून उडवलं तर फुप्फुसात जाण्याची भीती. आणि खाण्यातला पांढरा रंग म्हणून युरोपने त्यावर २०२२ मध्ये बंदी घातली, कारण डीएनएला इजा होण्याची शक्यता फेटाळता आली नाही. अमेरिकेत तो अजून चालतो.

चांदीचे आयन जंतू मारतात. आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी चांदीच्या नॅनोकणांचं त्वचेवर लावायचं जेल विकसित केलं, भाजल्याच्या जखमेवर अशा गोष्टीला अर्थ आहे. वास येऊ नये म्हणून मोज्यांत चांदी घालणं हा मला निव्वळ चोचलेपणा वाटतो. काही मोज्यांतली चांदी चार धुण्यांतच पाण्याबरोबर जाते आणि सांडपाणी शुद्ध करणारे जंतू तिच्या वाटेत येतात.

मोजमापाची अडचण तर रोजच्या श्वासातली आहे. पाषाणच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘सफर’ या हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या यंत्रणेचे पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या (२,५०० नॅनोमीटर) कणांचे, आकडे आपण वाचतो. ते वजनाचे असतात. २.५ मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात १०० नॅनोमीटरचे १५,६२५ कण मावतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग २५ पट असतो. डिझेलच्या धुरातले असंख्य अतिसूक्ष्म कण म्हणूनच वजनाच्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाहीत. वाहनांच्या धुरासाठीच्या बीएस-६ नियमांत डिझेल मोटारींना वजनाबरोबर संख्येचीही मर्यादा आहे, किलोमीटरमागे ६०० अब्ज कण. ही त्यातल्या त्यात शहाणपणाची गोष्ट.

पुण्यात हा विषय निघाला की कुणीतरी सुवर्णभस्माचं नाव काढतंच. त्यात नॅनो आकाराचे सोन्याचे स्फटिक सापडले आहेत, हे बरोबर. भस्म बोटांच्या रेघांत भरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे, या जुन्या कसोट्याही मार्मिक आहेत. पण बोटांच्या रेघांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच लाख नॅनोमीटर; तिथे नॅनोकणाहून कितीतरी मोठा कणही भरेल. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनोऔषधांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या धर्तीवर कुठल्याही नॅनो उत्पादनाला विचारता येईल: कण केवढे, सगळे सारख्याच आकाराचे का, पृष्ठभागावर काय आहे, साठवणीत गुठळ्या होतात का, शरीरात कुठे जाऊन बसतात, आणि पुढच्या घाण्यातही हेच निघेल का. पुष्य नक्षत्राला मुलांना सुवर्णप्राशनाचे थेंब पाजणाऱ्या वैद्यांना हे विचारायला हरकत नाही. ‘नॅनो सिल्व्हर’ छापलेले मोजे विकणाऱ्यालाही.